सेवेसाठी सोलापुरात येणाऱ्या दांपत्यांसाठी : पाण्याच्या दिवसापासून गोलघुमटापर्यंत

सोलापुरात नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण आधी नाव-गाव विचारते. त्यावर तुम्ही तिला विचारायचा पहिला प्रश्न असा : "काकू, आपल्याकडं पाणी कधी येतं?" गृहभेटी कुठल्या दिवशी करायच्या, कपडे कधी धुवायचे, नळदुर्गला कधी जायचं, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. म्हणून या लेखात कागदपत्रं आणि घर झालं की लगेच पाणी घेतलं आहे. स्थळदर्शन त्यानंतर.

चर्च, शाळा, वसतिगृह, दवाखाना किंवा सेवाभावी संस्थेत वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशातून येणाऱ्या नवरा-बायकोंसाठी हे लिहिलं आहे. त्यांत तिकडंच वाढलेली मराठी जोडपी बरीच असतात. तुम्हाला उतरवून घ्यायला स्टेशनवर येणाऱ्या मंडळीतल्या, म्हणजे इथल्या चर्चमधल्या, लोकांनीही हे वाचून ठेवावं, कारण निम्मी कामं त्यांच्याच मदतीनं होतात.

निघण्याआधी कागद

१. परदेशी पारपत्र असेल तर धार्मिक सेवाकार्यासाठी मिशनरी व्हिसा घ्या. पर्यटक व्हिसावर येऊन उपदेश करणं, सभा घेणं चालत नाही. मिशनरी व्हिसाही सेवेपुरताच असतो, धर्मांतर करण्यासाठी तो दिला जात नाही. संस्थेच्या निमंत्रणपत्रात तुमचं नेमकं काम आणि कामाची जागा स्पष्ट लिहून घ्या.

२. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलेली मराठी जोडपी इथंच फसतात. कार्डावर आयुष्यभर येता-जाता येतं, हे खरं. पण मिशनरी कामासाठी वेगळी विशेष परवानगी लागते, असं २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटलं आहे. ही परवानगी निघण्यापूर्वी काढा. इथं आल्यावर धावाधाव करण्यात पहिले दोन महिने जातात.

३. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत विदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. अर्ज ऑनलाइन भरायचा, पुढचं बोलावणं पोलिस आयुक्तालयातून येतं. ज्यांच्या घरी उतराल त्यांनीही २४ तासांच्या आत तुमची ऑनलाइन नोंद करायची असते. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. पहिली रात्र कुणाच्या घरी काढली आणि नोंद राहून गेली, तर पुढं तुमचाच अर्ज अडतो.

४. पैशांबाबत एकच नियम पाळा. तिकडच्या मित्रांनी, चर्चनी संस्थेसाठी दिलेली रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊ नका, खिशातूनही आणू नका. परदेशी देणगी फक्त संस्थेच्या एफसीआरए खात्यातच, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली उघडलेल्या खात्यातच आली पाहिजे. चार प्रेमळ माणसांनी शाळेच्या बाकांसाठी दिलेले पैसे चुकीच्या वाटेनं आले, तर सगळी संस्थाच अडचणीत येते.

पारपत्र, व्हिसा आणि निमंत्रणपत्राच्या सहा-सहा झेरॉक्स आणि दहा-दहा पासपोर्ट फोटो बरोबर ठेवा. सिमकार्ड, बँक, गॅस आणि भाडेकरार, सगळीकडं तेच मागतात.

घर

रेल्वे लाइन्स, मोदी, लष्कर, सात रस्ता हा भाग जुना आणि स्टेशनच्या जवळचा. जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोडकडं नवी घरं मोकळी मिळतात, पण रोजचं जाणं-येणं वाढतं. अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ हा पूर्व भाग विणकरांचा. तिथं काम असेल तर तिथंच राहा. कामाच्या जागेपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतलं घर बघावं, असं आमचं ठाम मत आहे. रस्त्यावर लोक दिसतात, बोलतात, ओळख होते. रिक्षातून ते होत नाही.

मजला निवडताना पहिला घ्या, सगळ्यात वरचा टाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखा धग सोडत राहतो. वरचंच घर मिळालं तर मार्च लागायच्या आत गच्चीला चुन्याचे दोन हात मारून घ्या. जुन्या पेठेत माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर मिळालं तर उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही. फक्त पावसाळ्यापूर्वी छत कोण दुरुस्त करणार, हे आधी ठरवून घ्या.

करार ११ महिन्यांचा, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स असावा. "आपल्यात कशाला कागद?" असं घरमालक प्रेमानं म्हणतील, तरी कागद कराच. तो नसेल तर बँक खातं, गॅस आणि विदेशी नोंदणी तिन्ही अडतात. कायद्यानं नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करारात तीन गोष्टी लिहून घ्या : पाण्याच्या टाकीचा आकार, हौद सामाईक की स्वतंत्र, आणि बोअरचं पाणी कोणत्या वेळेत मिळणार.

पाणी

शहराला उजनी धरणातून, भीमेवरच्या टाकळीहून आणि एकरुख म्हणजे हिप्परग्याच्या तलावातून पाणी येतं. नळाला ते रोज येत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड येतं. वेळही ठरलेली नसते, पहाटे तीनलाही सुटतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला इथं चावीवाला म्हणतात. गल्लीतल्या कुणाकडं तरी त्याचा नंबर असतोच.

आधी हिशोब करा. अंघोळ, भांडी, कपडे, संडास धरून दोन माणसांना काटकसरीनं दिवसाला २०० लिटर लागतात. पाच दिवसांचे झाले १,०००. पाण्याला एक दिवस उशीर होणारच, असं धरून चला आणि वर दोन दिवसांचा एक पाहुणा धरा. म्हणजे १,४०० लिटरची सोय हवी. गच्चीवर १,००० लिटरची टाकी आणि घरात २०० लिटरची दोन पिंपं, एवढं पुरतं. पिण्यासाठी २० लिटरचे स्टीलचे दोन डबे वेगळे ठेवा.

पाण्याच्या दिवशी क्रम असा :

१. आदल्या रात्री पिंपातलं उरलेलं पाणी संडासाच्या बादल्यांत काढा, पिंप घासून उपडं घाला.

२. नळाचा आवाज आला की पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ पाणी येतं. ते फेकू नका, बादल्यांत धरून फरशी पुसायला ठेवा.

३. पाणी नितळ झालं की आधी पिण्याचे डबे भरा, मग पिंपं. हौद शेवटी. उलटं केलं आणि मध्येच पाणी गेलं, तर घरात पिण्याला थेंब राहत नाही.

४. हौदातलं पाणी मोटारीनं वर चढवा. नळालाच मोटार जोडू नका. ते बेकायदा आहे, शिवाय शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी आपण ओढतो. एकाच दिवसात गल्ली तुटते आणि ती परत जोडायला वर्ष लागतं.

५. पिंपावर सुती धोतराचं फडकं ताणून दोरीनं बांधा. नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून डास आत जातो. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं पूर्ण कोरडं झालंच पाहिजे.

पाणी गढूळ असेल तर २० लिटरच्या डब्यात तुरटीचा खडा हातानं आठ-दहा वेळा फिरवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वरचं पाणी अलगद काढून उकळा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. बोअरचं पाणी जड असतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळावर पांढरे थर बसतात. ते धुण्या-पुसण्याला वापरा.

शेजारी कुणी आजारी असेल, घरात माणूस कमी असेल तर त्यांचंही पिंप भरून द्या. सोलापुरात याला फार मोल आहे.

बाजार आणि चूल

कनेक्शन मिळेपर्यंत ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. पुढं १४.२ किलोचा दोघांना साधारण दीड-दोन महिने जातो.

भाजीला लक्ष्मी मंडईत जा. पालेभाजी इथं पेंडीवर मिळते, बाकी पावशेरावर. ज्वारी मागताना मालदांडी मागा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. एका वेळी दोन किलोच दळून आणा. आठ-दहा दिवसांत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, ते कडवट होतं आणि भाकरी थापताना कडेला फुटते. तसं पीठ उरलंच तर उकळत्या पाण्यात भिजवा, जरा ऊब असतानाच तळव्यानं रेटून मळा. भाकरी बऱ्यापैकी थापता येते. भाकरी जमेपर्यंत कडक भाकरीचा पुडा घरात ठेवा. ही भाकरी पातळ, पापडासारखी वाळवलेली असते आणि कितीतरी दिवस टिकते. आमटीत किंवा दह्यात चुरून खायची.

शेंगाचटणी विकत घेताना चिमूटभर बोटांत दाबून बघा. बोटाला तेल लागलं, चटणीचा गोळा झाला, तर ती कुटलेली. कोरडी भुरभुरीत राहिली तर नुसती मिक्सरमधून काढलेली. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ एवढंच त्यात असतं, पण कुटताना दाण्याचं तेल सुटतं त्यातच तिची चव आहे. पहिले आठ दिवस दह्याबरोबर खा, पोटाला सवय होऊ द्या.

भाषा आणि हाक

सोलापुरात एका रस्त्यावर चार भाषा ऐकू येतात : मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू. विणकर पद्मशाली घरांत तेलुगू, लिंगायत घरांत कन्नड. कामाला मराठी पुरते, पण दुसऱ्याच्या भाषेतलं एक वाक्य दार उघडतं. तेलुगू घरात "बागुन्नारा?" म्हणजे बरे आहात ना. कन्नड घरात "आराम इद्दीरी?" तेवढं म्हणून मराठीत बोला, कुणाला काही वाटत नाही.

इथली मराठीही पुस्तकातली नाही. "येऊलालो" म्हणजे येतोय, "जाऊलालो" म्हणजे जातोय. वाक्याच्या शेवटी "की ओ" आलं तर ते आपुलकीचं आहे. "बे" हा शब्द मित्रामित्रांतला. तो कानावर पडला की समजून घ्या, पण स्वतः वापरू नका, वडीलधाऱ्यांशी आणि बायकांशी तर नाहीच.

हाक मारताना दुकानदाराला मालक, वयस्क बाईला मावशी किंवा काकू, तेलुगू-कन्नड घरांत अक्का आणि अण्णा, मुस्लिम घरांत खाला, चाचा, भाभी. मंडळीत पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नीला बाई. अभिवादन सलाम. तुम्हाला सुरुवातीला साहेब-मॅडम म्हणतील. त्यावर खुश होऊन राहू नका. वयानं मोठे असाल तर आजी-आजोबा, लहान असाल तर दादा-ताई, असं म्हणायला स्वतःच सांगा. साहेबाला कुणी घरातलं दुखणं सांगत नाही.

रोज अर्धा तास भाषेला द्या आणि शिकवणी शक्यतो वस्तीतल्याच कुणाकडं लावा. दोघांनी एकत्र बसू नका. ज्याला लवकर येतं तोच बोलत राहतो आणि दुसरा वर्षभर मुका राहतो. दोन वेळा ठेवा, दोन शिक्षक ठेवा.

गृहभेटी

विडी वळणाऱ्या बायका सकाळी सूप मांडीवर घेऊन बसतात. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोऱ्यानं बांधणं, सगळं त्या सुपात चालतं. हजार विड्या म्हणजे दिवसाचं काम, आणि नगावर मजुरी. अशा वेळी तुम्ही गेलात तर त्या उठतील, चहा करतील आणि शंभर विड्या कमी पडतील. म्हणून माल जमा करून त्या घरी आल्यावर, दुपार कलल्यावर जा. आधी गेलातच तर जवळ जमिनीवर बसा आणि त्यांना हात चालू ठेवायला सांगा. यंत्रमागाच्या घरात मागाच्या खडखडाटात बोलणं होत नाही, पाळी सुटायची वेळ विचारून घ्या.

चपला बाहेर. घरात शिरताच पाण्याचा तांब्या-पेला पुढं येतो. पाणी सोसत नसेल तर "चहा चालेल" म्हणा. तो उकळलेला असतो आणि मानही राहतो. काहीच नको म्हणणं मात्र मनाला लागतं. घरात एकटी बाई असेल तर नवऱ्यानं एकट्यानं जाऊ नये. दोघं मिळून जा किंवा बायकोनं मंडळीतल्या एखाद्या बहिणीबरोबर जावं. दोघांनी एकत्र सेवेला येण्याचा सगळ्यात मोठा उपयोग इथंच होतो. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसते, नवरा बाहेर आजोबांपाशी, आणि घराच्या दोन्ही बाजू कळतात.

प्रार्थना विचारून करा. दोन-तीन मिनिटांची, मराठीत, आवाज न चढवता. दुसऱ्या धर्माच्या घरात त्यांनी सांगितल्याशिवाय करू नका. प्रसाद पुढं केला तर उजव्या हातानं, डावा हात खाली धरून आदरानं घ्या. खायचं की नाही हे तुमच्या विवेकावर, पण दारात उभं राहून त्यावर वाद घालायचा नाही. यात्रेत, देवळाजवळ, दवाखान्यात किंवा शाळेत पत्रकं वाटू नका. लोक विश्वासानं तुम्हाला घरात घेतात, त्या विश्वासाला हे धरून नाही.

फोटो काढू नका. पहिल्या तीन महिन्यांत तर फोन पिशवीतच राहू द्या. रोख मदत स्वतः देऊ नका, अडचण मंडळीच्या पंचांना किंवा संस्थेच्या समितीला कळवा. "पोराचं तिकडं काही होईल का?" हा प्रश्न पाचव्या घरात येतोच. "बघतो" हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्ही सहज बोललेलं ते घर वर्षानुवर्षं धरून बसतं. "ते माझ्या हातात नाही" असं मऊपणानं पण लगेच सांगा.

ऊन, धूळ, दुखणं

मार्च ते मे बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या, पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, डोक्याला पांढरा सुती रुमाल बांधा. रस्त्यावर धूळ फार, दम्याच्या माणसानं मास्क वापरावा. भटकं कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. हळद-तिखट भरू नका. रुग्णवाहिकेला १०८, इतर तातडीला ११२.

भटकंती : आधी शहर

आठवड्यातला एक दिवस दोघांसाठी ठेवा आणि तो मंडळीला सांगून ठेवा. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवलात तर उत्तम, घर भरलेलं असतं आणि डोक्याला ताण नसतो.

पहिली फेरी सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलावापासून करा. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, हे सोलापूरचं ग्रामदैवत. बसवेश्वरांच्या काळातले हे संत, कन्नडमध्ये त्यांची वचनं आहेत. भक्तांना बरोबर घेऊन तलाव खोदणं हीच त्यांची साधना होती. श्रमालाच पूजा मानणाऱ्या या विचाराला कायक म्हणतात. सेवेला आलेल्या माणसानं तलावाच्या काठावर थोडा वेळ शांत बसावं. सोमवारी गर्दी असते. शेजारीच बहमनी काळातला भुईकोट किल्ला आहे, तटावर चढताना सकाळचं ऊन पाठीवर असू द्या.

तिथून चालत चार पुतळ्यांकडं या. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. चार नावं मोठ्यानं वाचा, या शहराची घडण त्यांतच दिसते. पुढं महापालिकेची इंद्रभुवन ही आप्पासाहेब वारद यांनी बांधलेली वास्तू बाहेरून निवांत बघा. संध्याकाळी पार्क चौपाटी.

दुसऱ्या फेरीत भैया चौकाजवळचं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. तिथली भाषा शिकला, तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेला. परक्या देशात सेवेला जाणं म्हणजे काय, हे सोलापूरला बाहेरून कुणी शिकवायला नको. या गावानं आपला मुलगा तसा दिलेला आहे. तुमचं स्वागत इथं मनापासून होतं, त्यामागं हेही आहे.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात उंच नंदीध्वज पेलत नेतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, होतो, होम मैदानावर जत्रा भरते. मिरवणुकीला तीन तास उभं राहायची तयारी ठेवा, पाण्याची बाटली घ्या, चपला पट्ट्याच्या घाला. त्या दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. स्टेशन गाठायचं असेल तर एरवीपेक्षा तासभर आधी निघा.

मग बाहेर

हत्तरसंग कुडल, सुमारे ४० किलोमीटर. भीमा आणि सीना यांचा संगम. मराठी शिकणाऱ्यानं सगळ्यात आधी इथं जावं. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. "वाछि तो विजेया होईवा", जो हे वाचेल तो विजयी होईल, असे त्यातले शब्द. मंडपात उजेड कमी असतो, बॅटरी न्या आणि प्रकाश बाजूनं तिरका पाडा, अक्षरं उठून दिसतात. समोरून पाडला तर नुसता दगड दिसतो. शेकडो मुखं कोरलेलं बहुमुखी शिवलिंगही इथंच आहे. पावसाळ्यात नदीचं पाणी किती आहे, हे विचारून निघा. जेवण बरोबर न्या.

नळदुर्ग, हैदराबाद रस्त्यावर सुमारे ४५ किलोमीटर. बोरी नदी अडवून किल्ल्यातच बांध घातला आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. बंधारा भरून वाहू लागला की नर आणि मादी हे दोन धबधबे महालाच्या दोन्ही बाजूंनी कोसळतात. ते फक्त चांगला पाऊस झाल्यावर. सोलापूरकडं मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये होतो, म्हणून जूनमध्ये जाऊन निराश होऊ नका. पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात, रबरी तळाचे बूट हवेत. रविवारी उपासना असते आणि तिथं गर्दीही असते, मधला वार धरा.

नान्नज, बार्शी रस्त्याला सुमारे २० किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ, पण काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा. वन विभागाची परवानगी घ्या, पहाटे पोहोचा, मातकट कपडे घाला, गवतात उतरू नका.

विजापूर, सुमारे १०० किलोमीटर, होटगीवरून रेल्वे जाते. महंमद आदिलशहाची कबर म्हणजे गोलघुमट. कुजबुजीच्या सज्जात एका टोकाला हळू बोललेलं पलीकडच्या माणसाला ऐकू येतं. पण शाळांच्या सहली येण्याआधी, दार उघडताच गेलात तरच. नंतर तिथं नुसता आरडाओरडा घुमत असतो. तिथलं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

पंढरपूर ७० किलोमीटरच्या आसपास. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत फक्त वारी समजून घ्यायची असेल तरच जा, सहज बघायला नाही. अक्कलकोट आणि तुळजापूर अर्ध्या दिवसात होतात.

आणि केडगाव. पुण्याच्या रेल्वेमार्गावर दौंडच्या पलीकडं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिथंच देह ठेवला. जलद गाड्या थांबत नाहीत, दौंडला उतरून सवारी गाडी धरावी लागते. आधी कळवून जा. हे पर्यटनस्थळ नाही, बायका-मुलींचं राहतं घर आहे.

परतताना चादर

सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, म्हणूनच बाहेर बनवलेल्या नकली चादरी त्याच नावानं खपतात. घेताना उलटी करून बघा. जॅकार्डच्या खऱ्या विणीत नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग मात्र उलटतात. छापलेली असेल तर मागची बाजू फिकी. काठाजवळचा एक सुटा धागा मागून घ्या आणि जाळा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, भेसळ असेल तर कडक गुठळी राहते. दोन्ही हातांनी उजेडासमोर धरा, वीण घट्ट असेल तर पलीकडचं काही दिसत नाही. पूर्व भागात काम केलेलं असेल तर चादर विणणाऱ्याच्या ओळखीनंच घ्या, घासाघीस न करता.

पहिली धुलाई एकटीची, थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून अर्धा तास भिजवून. पिळू नका, दोरीवर नितळत ठेवा आणि सावलीत वाळवा. लाल आणि निळा रंग पहिल्या दोन पाण्यांत थोडा सुटतो, नंतर बसतो. पूर्ण वाळल्याशिवाय बॅगेत भरू नका, घडीत ओल राहिली तर प्रवासातच बुरशीचे डाग पडतात.